विसरणारी पेटी : आर्णीच्या मतदान केंद्रावरून स्मृतीविषयी काही

नागपूरहून तुळजापूरकडे निघालेला महामार्ग यवतमाळ मागे टाकून आर्णीत शिरतो. अरुणावतीच्या काठचे हे तालुक्याचे गाव. कापसाचा मुलूख, कंबलपोष बाबांच्या दर्ग्याचा उरूस आणि भोवताली पसरलेली गावे, तांडे व पोड ही त्याची ओळख. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत आर्णी हे विधानसभेच्या एका मतदारसंघाचेही नाव झाले. क्रमांक ८०, अनुसूचित जमातींसाठी राखीव, लोकसभेसाठी चंद्रपूरला जोडलेला. आर्णी, घाटंजी आणि केळापूर या तालुक्यांचा मुलूख त्यात येतो. या नावाने येथे पहिली निवडणूक २००९ साली झाली.

मतदानाच्या आदल्या दिवशी अशा मतदारसंघात एक ओळखीचे दृश्य दिसते. शिक्षक, ग्रामसेवक, कारकून असे चार-पाच जण यादीत आपले नाव शोधतात, साहित्य मोजून घेतात आणि मतदान यंत्राच्या पेट्या सांभाळत बसमध्ये चढतात. रात्री जिल्हा परिषदेच्या शाळेत मुक्काम, पहाटे पाचाच्या सुमारास लगबग. आमच्या वाचकांपैकी जे प्राध्यापक किंवा शिक्षक आहेत त्यांनी हे काम कधी ना कधी केलेच असेल. पेट्यांपैकी जिच्यावर मतदान अधिकाऱ्याचा हात दिवसभर असतो ते कंट्रोल युनिट. आकाराने एखाद्या जाडजूड वहीएवढे, वीज नसली तरी बॅटरीवर चालणारे. या वहीत गावाचे मत लिहिले जाते. ती किती लिहू शकते, काय लिहिते आणि काय लिहीत नाही, याचा इतिहास आम्हांला या लेखात मांडायचा आहे. विषय वरवर पाहता तंत्रज्ञांचा आहे. तरीही नोंद, पाठ, स्मरण आणि गाळलेली ओळ हे प्रश्न साहित्याच्या अभ्यासकांनाही परके नाहीत, म्हणून तो येथे घेतला आहे.

कीर्द आणि खतावणी

डेटाबेस या शब्दाला मराठीत विदागार असा प्रतिशब्द आहे. ऐकताना मोठे कोठार डोळ्यांपुढे येते. प्रत्यक्षात अनेक विदागारे अगदी चिमुकली असतात. विजेचा मीटर, बसवाहकाच्या हातातले तिकीट यंत्र, दूध संकलन केंद्रावरचा काटा या सर्वांच्या पोटात एक लहान संगणक आणि त्याहून लहान स्मृती असते. तेथे पडदा नसतो, कळफलक नसतो, दुरुस्ती करणारा जवळ नसतो, वीज केव्हाही जाऊ शकते. अशा ठिकाणी नोंद ठेवायची तर दोन अटी पाळाव्या लागतात. एक, नोंद पूर्ण व्हावी किंवा मुळीच होऊ नये, अर्धवट राहू नये. दोन, जे अनावश्यक आहे त्याला जागा देऊ नये.

पहिल्या अटीचे उत्तर आपल्या जुन्या पेढीवरच्या दिवाणजीला ठाऊक होते. तो व्यवहार झाला की आधी रोजकीर्दीत उतरवी, क्रमाने, एकाखाली एक, खाडाखोड न करता. मग सवडीने तीच रक्कम खतावणीत ज्याच्या त्याच्या खाती नेई. खतावणी लिहिताना दिवा गेला तरी कीर्द शाबूत असे आणि तिच्यावरून खतावणी पुन्हा उभी करता येई. लहान यंत्रांतील विदागारांची घडण याच तत्त्वावर असते. रिचर्ड हिप या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने २००० साली सिद्ध केलेले एसक्यूलाइट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. अमेरिकी नौदलाच्या युद्धनौकेसाठीच्या एका आज्ञावलीवर काम करताना, मुख्य विदागार बंद पडले की सगळेच ठप्प होते, हे त्यांच्या लक्षात आले आणि स्वतंत्र सेवकयंत्राची गरज नसलेले, एकाच फायलीत मावणारे विदागार त्यांनी रचले. बदल करण्यापूर्वी ते जुनी स्थिती बाजूला टिपून ठेवते आणि मध्येच वीज गेली तर त्या टिपणावरून मागे येते. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनात ते असते, म्हणजे आर्णीच्या बाजारात उभ्या असलेल्या बहुतेकांच्या खिशातही.

मतदान यंत्र मात्र एसक्यूलाइटहून जुने आहे आणि त्याच्या अटी अधिक कडक आहेत. त्याला कीर्द लिहायची आहे, खतावणीही करायची आहे. त्याखेरीज एक तिसरी अट आहे जी कोणत्याही दिवाणजीवर कधी नव्हती : व्यवहार कोणी केला हे त्याने कधीही सांगता कामा नये.

पेटीपासून यंत्रापर्यंत

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत यवतमाळ जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी होती नागपूर. त्या निवडणुकीत प्रत्येक उमेदवारासाठी वेगळी पेटी असे, तिच्यावर त्याचे चिन्ह. मतदाराने मतपत्रिका हव्या त्या पेटीत टाकायची. म्हणजे खतावणी आधीच पाडून ठेवलेली, खात्यागणिक एक डबा. यासाठी लागणाऱ्या लोखंडी पेट्यांपैकी बारा लाखांहून अधिक पेट्या मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बनल्या. पुढे १९६० च्या दशकाच्या आरंभी मतपत्रिकेवर सर्व नावे छापून शिक्का मारण्याची पद्धत आली आणि सर्वांची एकच पेटी झाली. यवतमाळ जिल्हा तोवर मुंबई राज्यातून महाराष्ट्रात आला होता.

यंत्राची कल्पना १९७७ साली मुख्य निवडणूक आयुक्त एस. एल. शकधर यांनी मांडली. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९७९ मध्ये नमुना तयार केला व ऑगस्ट १९८० मध्ये तो राजकीय पक्षांच्या प्रतिनिधींना दाखवण्यात आला. बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सकडेही हे काम आले. यंत्राचे बाह्यरूप मुंबईच्या आयआयटीतील औद्योगिक अभिकल्प केंद्रात ए. जी. राव आणि रवी पूवय्या या प्राध्यापकांनी घडवले. निरक्षर मतदाराला चिन्ह दिसावे, कळ सापडावी, दाबल्याचे कळावे, हा तेथला प्रश्न होता.

साहित्याच्या वाचकांना एक माहिती येथे विशेष वाटेल. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये या यंत्राच्या आराखड्याची आणि उत्पादनाची देखरेख ज्यांच्याकडे होती ते अभियंते एस. रंगराजन हेच तमिळमधील लोकप्रिय कथा-कादंबरीकार सुजाता. पत्नीचे नाव त्यांनी टोपणनाव म्हणून घेतले होते. २००८ साली त्यांचे निधन झाले. रहस्यकथा आणि विज्ञानकथा लिहिणारा हा लेखक दिवसा एका अशा वस्तूवर काम करीत होता जिचे सारे यश रहस्य न फुटण्यात आहे. हा योगायोग असेल. पण काय सांगायचे आणि काय राखून ठेवायचे, याचा विचार त्याच्या दोन्ही कामांत होता, एवढे म्हणायला हरकत नाही.

यंत्र प्रथम वापरले गेले १९ मे १९८२ रोजी, केरळातील परूर मतदारसंघाच्या ५० केंद्रांवर. निकालात भाकपचे सिवन पिळ्ळै १२३ मतांनी विजयी झाले आणि काँग्रेसचे ए. सी. जोस न्यायालयात गेले. वाद एका शब्दावर येऊन थांबला. कायद्यात व नियमांत 'बॅलट' असा शब्द होता. त्यात यंत्राची कळ येते का? सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये निर्णय दिला की येत नाही. कायदा करणाऱ्यांच्या मनात कागद आणि पेटी होती, आयोगाला आपल्या अधिकारात त्या शब्दाचा अर्थ एवढा ताणता येणार नाही. त्या केंद्रांवर फेरमतदान झाले आणि निकाल उलटला. शब्दार्थाच्या मर्यादेविषयी आपण वर्गात जे शिकवतो त्याचा असा परिणाम क्वचितच पाहायला मिळतो. १९८८ च्या डिसेंबरात लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१अ हे कलम घातले गेले आणि मार्च १९८९ पासून यंत्राला कायद्याचा आधार मिळाला. १९९८ साली मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील १६ विधानसभा मतदारसंघांत ते वापरले गेले आणि २००४ च्या लोकसभा निवडणुकीत देशातील सर्व ५४३ मतदारसंघांत. त्याच वर्षी महाराष्ट्र विधानसभेची निवडणूकही यंत्रावर झाली.

३८४० ओळींची वही

आता वहीच उघडून पाहू. जुन्या यंत्रांची क्षमता ३८४० मतांची सांगितली जाई, अलीकडील यंत्रे २००० मतांपर्यंत नोंद करतात. एका केंद्रावर साधारणतः १५०० मतदारांची मर्यादा असे, २०२५ पासून आयोगाने ती १२०० वर आणायला घेतली आहे. तेव्हा ही क्षमता पुरेशी आहे. एका मतासाठी एक बाइट धरली तर ३८४० मतांना ३८४० बाइट लागतील. देवनागरीचे एक अक्षरचिन्ह आजच्या प्रचलित संकेतनात तीन बाइट घेते. म्हणजे आपण वाचत असलेला हा लेख साठवायला जेवढी जागा लागेल तिच्या दहाव्या हिश्श्यात एका केंद्रातील अख्ख्या गावाची मते मावतील.

एवढ्या थोड्या जागेत काय ठेवले आहे? मतदाराचे नाव नाही, वय नाही, यादीतील क्रमांक नाही. फक्त कोणती कळ दाबली गेली. २००६ नंतरच्या यंत्रांत प्रत्येक कळेसोबत दिनांक आणि वेळही टिपली जाते, आणि बॅलट युनिटाकडून कंट्रोल युनिटाकडे जाणारा संकेत दरवेळी वेगळ्या सांकेतिक रूपात जातो. ही सुधारणा पी. व्ही. इंदिरेसन यांच्या अध्यक्षतेखालील तज्ज्ञ समितीच्या शिफारशीनुसार झाली. नोंदी स्थायी स्मृतीत उतरतात, बॅटरी काढली तरी पुसल्या जात नाहीत आणि दहा वर्षे वा अधिक काळ टिकू शकतात. यंत्राची मूळ आज्ञावली एकदाच लिहिता येणाऱ्या स्मृतीत असते, ती बदलून लिहिता येत नाही असे आयोग सांगतो.

वहीचा व्यवहारही नियमाने बांधलेला आहे. मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर किमान ५० मतांचे अभिरूप मतदान होते, निकाल दाखवला जातो आणि मग वही कोरी केली जाते. मतदान अधिकारी 'बॅलट'ची कळ दाबतो तेव्हाच एक मत मोकळे होते. दिवसभरात 'टोटल' दाबल्यास किती मते पडली एवढाच आकडा दिसतो, कोणाला किती ते दिसत नाही. संध्याकाळी 'क्लोज' दाबले की वही मिटली, त्यानंतर एकही ओळ लिहिता येत नाही. केंद्राध्यक्ष १७क या नमुन्यात एकूण मतांचा हिशेब लिहून देतो. 'रिझल्ट' ही कळ मतमोजणीच्या दिवसापर्यंत मोहोरबंद असते. कीर्द दिवसभर लिहायची, खतावणी मात्र सर्वांसमोर एकदाच उघडायची, अशी ही शिस्त आहे.

या शिस्तीत एक अवघड जागा आहे. कीर्द क्रमाने लिहिली जाते. आणि मतदान केंद्रावर दुसरीही एक वही क्रमाने लिहिली जात असते : मतदारांची नोंदवही, नमुना १७अ, जीत मत द्यायला आलेल्या प्रत्येकाचा यादीतील क्रमांक आणि सही किंवा अंगठा असतो. दोन्ही वह्या शेजारी ठेवून ओळीला ओळ लावली तर कोणी कोणती कळ दाबली हे उलगडेल. २०१० साली काही भारतीय व परदेशी संशोधकांनी जुन्या पिढीचे एक यंत्र उघडून अभ्यासले, तेव्हा त्यांनी इतर आक्षेपांबरोबर हाही मुद्दा मांडला होता. त्या यंत्रात मते पडल्या क्रमानेच साठवली होती आणि स्मृतीच्या चिपांना थेट हात लावू शकणाऱ्याला गुप्तता भेदता आली असती. आयोगाचे उत्तर असे की यंत्रे कडेकोट पहाऱ्यात असतात आणि असा हात लागूच दिला जात नाही. या वादात आम्ही पडत नाही. आमच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच की गुप्तता ही एखाद्या नोंदीत नसते, ती दोन नोंदींच्या मधल्या अंतरात असते. दोन वह्या एकमेकींजवळ येऊ न देणे, हेच तिचे संरक्षण.

हिराइसेचा पाठ

मर्यादित स्मृतीत काय ठेवावे हा प्रश्न वऱ्हाडाच्या मातीला नवा नाही. आर्णीच्या उत्तरेला, अमरावती जिल्ह्यात, रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या लीळा गोळा केल्या त्या महानुभाव पंथाच्या याच केंद्रात. ज्याने पाहिले त्याला विचारायचे, आणि दोघांच्या सांगण्यात फरक पडला तर तोही नोंदवायचा, ही म्हाइंभटांची रीत. लीळाचरित्राच्या पानावर अमुक लीळा कोणाच्या सांगण्यावरून आली याचा उल्लेख भेटतो तो या दक्षतेमुळे. पुढे परचक्रात मूळ पोथी नष्ट झाल्याचे परंपरा सांगते, आणि मग पंथीयांनी आपापल्या स्मरणातून ती पुन्हा उभी केली. हिराइसेला पाठ होते त्यावरून सिद्ध झालेला पाठ तिच्या नावाने ओळखला जातो. केसोबासांनी चक्रधरांची वचने वेगळी काढून सूत्रपाठ रचला, तोही स्मरणाच्या सोयीचाच एक मार्ग होता. प्रसंग गळले, वचन उरले. आणि जे बाहेरच्यांच्या हाती लागू नये ते सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत गेले.

माणसाची स्मृती लहान असते, म्हणून सूत्र करावे लागते. यंत्राची स्मृती लहान होती, म्हणून एक मत एका खुणेएवढे झाले. येथवर दोन्ही वाटा बरोबर चालतात. पुढे त्या फुटतात, आणि तो फाटा आम्हांला फार बोलका वाटतो. म्हाइंभटांच्या लेखी 'कोणी सांगितले' हे वचनाइतकेच मोलाचे होते, कारण वचनाची विश्वासार्हता सांगणाऱ्यावर अवलंबून असते. मतदान यंत्रात 'कोणी' हे पहिल्याच पायरीला गाळावे लागते, कारण मताची विश्वासार्हता मतदार अनाम राहण्यावर अवलंबून असते. आज स्मृती स्वस्त झाली आहे. यंत्रात मतदाराचे छायाचित्र, आवाज, अंगठा सारे काही साठवता येईल. तरी ते साठवायचे नाही. जे एके काळी जागेच्या टंचाईने साधले ते आता निश्चयाने साधावे लागणार आहे.

एका पोडाचे आकडे

हा निश्चय आपण पुरता पाळला आहे का? येथे आर्णीसारख्या मतदारसंघाचे भूगोल-वास्तव विचारात घ्यावे लागते. यवतमाळ जिल्ह्याच्या या भागात गोंड, परधान, आंध, कोलाम या जमातींची वस्ती आहे. बंजाऱ्यांचे तांडे आहेत. कोलामांच्या लहान वस्तीला पोड म्हणतात, आणि कोलाम हा शासनाच्या दप्तरी विशेष असुरक्षित गणला गेलेला आदिम समूह आहे. अशा मुलखात एक मतदान केंद्र म्हणजे पुष्कळदा एक गाव, किंवा एक गाव आणि त्याला लागून असलेला तांडा, पोड.

मतमोजणी यंत्रागणिक होते. नमुना २० मध्ये प्रत्येक केंद्राचा निकाल स्वतंत्र ओळीत लिहिला जातो आणि तो प्रसिद्ध होतो. समजा एका केंद्रावर ३०० मते पडली आणि त्यांतली २९० एकाच उमेदवाराला गेली. व्यक्तीचे नाव कोठेही आलेले नाही, कायद्याच्या अर्थाने गुप्तता अबाधित आहे. पण गावाचे मत उघडे पडले. पुढच्या पाच वर्षांत रस्ता कोठे होईल, हातपंप कोणत्या पोडात बसेल, टँकर कोठे वळेल, हे ठरवणाऱ्याच्या टेबलावर तो कागद असू शकतो. मुंबईच्या एखाद्या केंद्रावरचा मतदार गर्दीत हरवतो. शंभर घरांच्या वस्तीत हरवायला गर्दीच नसते. तेथे शेजारी उरलेल्या दहा मतांचाही हिशेब तर्काने लावू शकतात.

कागदाच्या काळात यावर एक साधा उपाय होता. १९६१ च्या निवडणूक नियमांतील ५९अ या नियमाने, आयोगाला आवश्यक वाटेल अशा मतदारसंघात निरनिराळ्या केंद्रांच्या पेट्यांतील मतपत्रिका मोजण्यापूर्वी एकत्र मिसळण्याची सोय होती. मोठ्या पिंपात पत्रिका ओतायच्या, ढवळायच्या आणि मग गठ्ठे बांधायचे. ढवळणे ही गावाचे नाव पुसण्याची क्रिया होती. यंत्र आले आणि ही क्रिया हरवली, कारण प्रत्येक वही आपापला निकाल स्वतंत्रपणे सांगते. सोयीच्या ओघात एक विसरणे नाहीसे झाले आणि फारसे कोणाच्या लक्षातही आले नाही.

निवडणूक आयोगाच्या मात्र ते लक्षात आले होते. २००८ साली आयोगाने केंद्र सरकारकडे 'टोटलायझर' या जोडयंत्राचा प्रस्ताव पाठवला. १४ कंट्रोल युनिटे त्याला एकदम जोडायची आणि त्या सर्वांची मिळून बेरीज तेवढी पडद्यावर यावी, कोणत्या केंद्राचे किती ते दिसू नये. म्हणजे पिंपातले ढवळणे, विजेच्या तारांतून. विधी आयोगाने मार्च २०१५ मधील आपल्या २५५ व्या अहवालात या प्रस्तावाची शिफारस केली. प्रश्न सर्वोच्च न्यायालयातही गेला. सरकारने प्रस्तावाला विरोध केला, आणि केंद्रनिहाय आकड्यांमुळे कोठे आपण कमी पडलो हे उमेदवाराला कळते व तेथे अधिक काम करता येते, असा युक्तिवाद पुढे आला. जोडयंत्र मतमोजणीच्या टेबलावर आले नाही.

विरोधाच्या बाजूलाही काही तथ्य आहे हे नमूद केले पाहिजे. केंद्रनिहाय आकडे हा पडताळणीचाही आधार असतो. केंद्राध्यक्षाने १७क मध्ये लिहिलेली एकूण मते आणि यंत्राने दाखवलेली मते जुळतात का, हे केंद्रागणिकच पाहता येते. २०१३ मध्ये नागालँडच्या नोकसेन पोटनिवडणुकीत पहिल्यांदा वापरलेले आणि पुढे सर्वत्र आलेले व्हीव्हीपॅट यंत्र मतदाराला सात सेकंद कागदी चिठ्ठी दाखवते. २०१९ पासून प्रत्येक विधानसभा क्षेत्रातील पाच केंद्रांच्या चिठ्ठ्या यंत्राच्या आकड्यांशी ताडून पाहिल्या जातात. ही तुलनासुद्धा एकेका यंत्राचीच असते. सगळे ढवळून टाकले तर चूक कोठे झाली हे शोधणे कठीण होईल, अशी शंका कोणी घेतली तर ती हसण्यावारी नेता येणार नाही. पडताळणीसाठी आकडा अधिकाऱ्यांना व प्रतिनिधींना कळावा पण प्रसिद्ध होऊ नये, अशी मधली वाट कल्पिता येईल. पण प्रतिनिधीला कळलेला आकडा गावात किती काळ गुप्त राहील, हे गावात राहिलेल्याला सांगायला नको.

इतिहासकाराची भूक

या ठिकाणी आम्हांला स्वतःकडेही वळून पाहावे लागते. आम्ही नोंदींवर जगणारे लोक आहोत. जुना महजर, एखादी फाटकी कीर्द, कुळकर्ण्याच्या दप्तरातले पान सापडले की आम्हांला आनंद होतो, आणि जे लिहिलेच गेले नाही त्याबद्दल हळहळ वाटते. आर्णी मतदारसंघाच्या २००९ पासूनच्या केंद्रनिहाय आकड्यांवरून कोणी अभ्यासक उद्या सुंदर प्रबंध लिहू शकेल : कापसाचा भाव पडल्यावर कोणते गाव कोठे वळले, पोडांनी कोणाला साथ दिली, तांडे केव्हा फुटले. टोटलायझर आला असता तर हा प्रबंध लिहिता आला नसता. आमच्या शास्त्राचे ते नुकसान झाले असते, आणि तरीही ते सोसावे, असे आमचे मत आहे.

कारण नोंद ज्याच्याविषयी आहे त्याचा तिच्यावर पहिला हक्क असतो. आदिवासी मुलखाबद्दल आजवर झालेल्या बहुतेक नोंदी त्यांनी लिहिलेल्या नाहीत. शिरगणती, जंगलखात्याची दप्तरे, महसुलाच्या पाहण्या या सर्व वह्या दुसऱ्यांच्या हातच्या. त्यांत नोंदले जाणे म्हणजे पुष्कळदा कर लागणे, जंगलातून उठणे किंवा संशयित ठरणे असे. या साऱ्या इतिहासात मतदानाची वही ही एक वेगळी वही आहे. तीत कोलाम बाई स्वतःच्या बोटाने एक खूण करते आणि ती तिची आहे हे कोणालाही शोधता येणार नाही, असे राज्यसंस्था तिला वचन देते. वस्तीच्या बेरजेतून ते वचन सैल होत असेल तर अभ्यासकाच्या उपयोगाचे कारण पुढे करून ते सैलच ठेवणे योग्य होणार नाही. ज्या तीन-चार हजार बाइटांपासून आपण सुरुवात केली त्यांच्या रचनाकारांना हे उमगले होते. व्यक्तीचे नाव त्यांनी वहीत येऊच दिले नाही. वस्तीच्या नावाचा प्रश्न त्यांच्या हातात नव्हता, तो नियम करणाऱ्यांच्या हातात होता आणि आजही आहे.

निकाल लागला की यंत्रे पुन्हा मोहोरबंद होऊन गोदामात जातात. निवडणूक याचिकेसाठी ४५ दिवसांची मुदत असते. कोणी न्यायालयात गेले नाही, तर त्यानंतर ती यंत्रे पुढच्या कामासाठी मोकळी होतात. पुढच्या निवडणुकीआधी तपासणीच्या वेळी कोणी तंत्रज्ञ 'क्लिअर'ची कळ दाबतो, आकडे शून्यावर येतात, आणि आर्णीच्या एखाद्या शाळेत गावाचे मत सांभाळलेली ती वही दुसऱ्या कुठल्या जिल्ह्यातल्या शाळेत कोरी होऊन जाते. यंत्र आपल्याकडून जेवढे विसरायचे तेवढे विसरते. नमुना २० मधील ती एक ओळ मात्र कागदावर राहते, गावाच्या नावासकट.